एक खुंटा रिकामा

बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी नावाचे गाव आहे. तेथील शब्बीर सय्यद, ज्यांना सारा परिसर शब्बीरमामू या नावाने ओळखतो, आपल्या गोठ्यात वाढलेला बैल एखाद्या गरजू शेतकऱ्याला माफक किमतीत देतात. परंतु तो देताना जी शर्त घालतात, ती कोणत्याही बाजार समितीच्या पावतीवर छापलेली आढळणार नाही. हा बैल कत्तलीसाठी विकला जाता कामा नये, ही त्या शर्तीची पहिली बाजू. आणि तो थकला, पायाने अधू झाला, औताच्या कामाचा उरला नाही, तर त्याला पुन्हा दहिवंडीच्या दावणीला आणून बांधावे, ही दुसरी. पहिली बाजू पुष्कळांना सुचते. दुसरी सुचण्यास मात्र निराळ्या जातीचे औदार्य लागते, कारण तिच्यात घेणाऱ्यापेक्षा देणारा अधिक बांधला जातो.

या घराण्याचा मूळ व्यवसाय खाटकाचा. शब्बीरमामूंचे वडील बुदन यांचे मन त्या व्यवसायावरून उडाले, आणि कत्तलीच्या वाटेला लागलेली गुरे त्यांनी आपल्याच दारात बांधण्यास आरंभ केला. मुलाने तो वसा पुढे चालवला. 2019 मध्ये भारत सरकारने ‘पद्मश्री’ देऊन या कार्याचा गौरव केला, त्या सुमारास गोठ्यातील गुरांची संख्या 165 च्या आसपास होती. येथील दूध विकले जात नाही. शेणाच्या विक्रीतून जे चार पैसे सुटतात त्यांवर आणि घरच्या माणसांच्या कष्टांवर हा पसारा चालतो. आणि तोही अशा मुलखात, जेथे 1972 चा दुष्काळ वृद्धांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही आणि 2019 च्या उन्हाळ्यात गुरे जगवण्यासाठी शेकड्यांनी चारा छावण्या उघडाव्या लागल्या.

वाचक येथे विचारील, की मोकाट घोड्यांविषयी लिहावयास बसलेल्या माणसाने बैलापासून प्रारंभ का करावा? त्याचे उत्तर असे, की घोड्याच्या बाबतीत जो प्रश्न आज सुटता सुटत नाही, त्याची उकल याच जिल्ह्यातल्या एका गोठ्यात, बैलाच्या निमित्ताने, कोणताही गाजावाजा न करता होऊन गेलेली आहे. रस्त्यावरचे जनावर उचलून आणणे हे सुटकेचे काम फार तर एका दिवसाचे; त्यानंतर त्याला जन्मभर कोण सांभाळणार, आणि सांभाळणारा हरला तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा खरा प्रश्न आहे. आपल्या सरकारी भाषेत अशा जनावराला ‘बेवारस’ म्हणतात. शब्द मिळकतीच्या व्यवहारातला आहे, तरी तो चपखल आहे. कारण घोड्याला घर मिळवून देणे म्हणजे त्याला वारस मिळवून देणेच होय.

एके काळी या भूमीत घोडा बेवारस राहणे जवळजवळ अशक्य होते. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. तेथे 10 ऑगस्ट 1763 रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. त्या काळच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. म्हणजे प्रत्येक घोड्यामागे एकतर घरधनी असे, नाहीतर सरकार असे. मोगल अमदानीत घोड्याला डाग देण्याची आणि त्याचा रंग, खुणा, हुलिया दप्तरात उतरवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचा हेतू अर्थातच भूतदयेचा नव्हता. हजेरीच्या वेळी उसने तट्टू दाखवून पगार लाटणाऱ्यांना चाप लावण्याचा होता. तरीसुद्धा तिच्यामुळे घोडा कोणाच्या तरी नावावर लिहिलेला असे, आणि तो मेला तर शिलेदाराची शिलेदारीच बुडे. पुढे अंबाजोगाईस, जिला निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणत, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. 1903 मध्ये हे कंटिंजंट हिंदी फौजेत विलीन झाले, आणि या भागातील लष्करी घोड्याचे पर्व ओसरू लागले.

त्यानंतर घोड्याच्या वाट्याला टांगा आला. टांगा रिक्षाने घालवला. ओझ्याचे तट्टू टेम्पोने घालवले. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारे भीमथडी तट्टू तेवढे अजून दख्खनच्या माळांवर दिसते, आणि कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद केली, ही समाधानाची गोष्ट. परंतु एकंदर चित्र ओहोटीचे आहे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत साऱ्या देशातील घोड्यांची व तट्टांची संख्या सुमारे 3 लाख 40 हजार भरली, आणि 2012 च्या मानाने ती 45 टक्क्यांहून अधिक घटलेली होती. गाढवांची घट तर 61 टक्क्यांवर गेली. ज्या जनावराचे काम संपते, त्याचे मोल उतरते. आणि मोल उतरलेले जनावर पहिल्या टंचाईत दावणीवरून सुटते.

आज गावोगाव जो घोडा उरला आहे, तो बहुधा वरातीचा. तुळशीचे लग्न लागले की त्याचा हंगाम सुरू होतो. झालर, कलगी, बँडचा गजर आणि दारूकामाचा धूर यांत त्याचे सहा-सात महिने जातात. चातुर्मास लागला की कमाई थांबते, खाणे मात्र थांबत नाही. मग ज्याची ऐपत बेताची आहे असा मालक त्याला गावाबाहेर चरावयास सोडतो. प्रारंभी संध्याकाळी परत आणतो, पुढे एक दिवसाआड, आणि घोडा पायाने अधू झाला किंवा त्याच्या डोळ्यांत फूल पडले तर मुळीच आणत नाही. असा घोडा पिकात शिरतो आणि काठ्या खातो. बाजारतळावरच्या उकिरड्यात प्लास्टिकसकट उष्टे गिळतो. रात्री डांबरी सडकेवर, जेथे दिवसाची ऊब शिल्लक असते, तेथे उभा राहतो आणि भरधाव वाहनाखाली सापडतो. लांबून पाहणाऱ्याला तो स्वच्छंद वाटतो. वस्तुतः तो मोकाट असतो, मुक्त नसतो. आणि या दोन शब्दांतील अंतर ध्यानात आल्याखेरीज त्याला साहाय्य करता येत नाही.

हे अंतर समजून घेण्यास पुन्हा शिरूर कासार तालुक्यातच जावे. तेथील तागडगावास सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याने ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीवांच्या उपचाराचे व पुनर्वसनाचे केंद्र उभारले आहे. विहिरीत पडलेले, वाहनाने उडवलेले, कुत्र्यांनी फाडलेले वन्य प्राणी आणि पक्षी अशा ठिकाणी येतात, बरे होतात आणि पुन्हा रानात सोडले जातात. सोडण्याचा क्षण हाच तेथे कार्यसिद्धीचा क्षण असतो. घोड्याला असे रान नाही. हजारो वर्षे तो माणसाच्या संगतीत वाढला, माणसाने त्याची पैदास केली, आणि आता त्याचे घर म्हणजे माणसाचे अंगणच. वन्य जीवाला माणसापासून सोडवावे लागते. घोड्याला एका माणसाच्या हातून दुसऱ्या माणसाच्या हाती, नीट पारख करून, सोपवावे लागते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम 1960 चा आहे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा त्याच्या अकराव्या कलमान्वये अपराध आहे. पण पहिल्या अपराधास दंड दहा रुपयांपासून फार तर पन्नास रुपयांपर्यंत. ही रक्कम ठरली त्या काळी तिला काही वजन असेल. आज तिच्यात घोड्याचा एका वेळचा तोबराही भरणार नाही. दुसरी व्यवस्था कोंडवाड्याची. इंग्रजी अमदानीतील 1871 च्या कायद्याने ‘गुरे’ या संज्ञेत घोडे, घोड्या, शिंगरे, खेचरे, गाढवे, इतकेच नव्हे तर हत्ती आणि उंटदेखील धरले आहेत. कोंडलेल्या जनावरावर सात दिवसांत कोणी हक्क सांगितला नाही तर पोलीस ठाण्यास वर्दी द्यावयाची, त्यानंतर जाहीर नोटीस, आणि आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव. ही पद्धत शेतकऱ्याच्या पिकाच्या रक्षणासाठी जन्मली, आणि त्या हेतूस ती योग्यही होती. परंतु ज्या घोड्याला त्याच्या धन्यानेच टाकले, त्याच्यावर हक्क सांगावयास कोण येणार? लिलावात त्याला गिऱ्हाईक मिळेल. वारस मिळेलच असे नाही.

यापुढचे एक पाऊल 2017 च्या नियमांनी टाकले. क्रूरतेच्या गुन्ह्यात जप्त झालेले जनावर खटल्याच्या भाषेत मुद्देमाल ठरते. आणि मुद्देमाल निकालापर्यंत जतन करावयाचा असतो. पेटीत ठेवलेली सुरी दोन वर्षे तशीच राहते, घोडा राहत नाही; त्याला रोज पाणी लागते. म्हणून या नियमांनी असे जनावर खटला चालू असतानाच पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणिकल्याण संस्थेच्या ताब्यात देण्याची आणि पोषणाचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याची तरतूद केली. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांचा निकाल देताना उच्च न्यायालयानेही 2015 मध्ये केवळ गाड्या बंद करण्याचा हुकूम करून विषय मिटवला नाही. गाडीवानांच्या कुटुंबांप्रमाणेच घोड्यांच्याही पुनर्वसनाचा विचार करण्यास शासनास सांगितले. कायद्याची दृष्टी अशी हळूहळू विस्तारत आहे. तथापि कायदा कागद देतो. घोड्याच्या तोंडाशी पाण्याची बादली धरणारा माणूस गावातलाच असावा लागतो.

म्हणून गावातल्या स्वयंसेवकांकडे वळू. मोकाट घोडा दिसताच चार उत्साही तरुण दोर घेऊन धावतात, आणि येथेच बहुधा पहिली चूक होते. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याच्या मागे धावणारा प्रत्येक जण त्याला वैरी वाटतो, आणि कोंडीत सापडला की तो लाथ झाडतो. त्याला आपल्या अगदी पाठीमागचे दिसत नाही, तेव्हा मागून जाऊ नये. एकाच शांत माणसाने, हळू आवाजात बोलत, तिरक्या वाटेने त्याच्या डाव्या खांद्याकडे जावे. हाती थोडा हिरवा चारा असावा. फासाचा दोर गळ्यात टाकण्याऐवजी मोहरकी चढवावी. गावात कोणी जुना टांगेवाला, वरातीचा घोडेवाला किंवा नालबंद असेल तर या कामी त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही. पुस्तकी भूतदयेपेक्षा त्याच्या हातांची सवय अधिक उपयोगी पडते.

घोडा हलवण्यापूर्वी नोंद व्हावी. त्याचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे, अंगावरचे भोवरे, जखमा, हे सारे लिहून आणि छायाचित्रे काढून ग्रामपंचायतीस व पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. नाहीतर पुढे कोणी मालकी सांगत आला तर उपकार करणाऱ्यावरच चोरीची फिर्याद होण्याची पाळी येते. पशुवैद्यकीय साहाय्यासाठी 1962 हा क्रमांक आहे. दात पाहून डॉक्टर वयाचा अदमास सांगतात, धनुर्वाताची लस देतात; कारण या रोगाला घोड्याइतके सहज बळी पडणारे जनावर क्वचितच असते. त्यानंतर रक्ततपासणी. गोमाश्यांमार्फत पसरणारा सरा आणि ग्लँडर्स हे दोन रोग विशेष भयाचे. पैकी ग्लँडर्स माणसालाही होऊ शकतो, त्याच्यावर लस नाही, आणि तो निश्चित झाल्यास जनावर नष्ट करावे लागते. निदानाचे काम हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. हा निकाल येईपर्यंत नव्या घोड्याला इतर जनावरांपासून दूर बांधणे यात निष्ठुरपणा काही नाही. आधीच आश्रयास आलेल्यांविषयीचे ते कर्तव्य आहे.

दुसरी चूक मायेच्या पोटी होते. बरगड्या मोजून घ्याव्यात असा घोडा पाहिला की कोणी हरभऱ्याची चंदी आणतो, कोणी गूळ, कोणी भाकरी. परंतु दीर्घ उपवासानंतर धान्याचा असा मारा झाल्यास रक्तातील क्षारांचा समतोल ढळतो आणि वाचलेला घोडा चार-सहा दिवसांत दगावू शकतो. घोड्याला ओकारी करता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकावे लागते, आणि अडले तर जीवघेणा पोटशूळ उठतो. म्हणून पहिले काही दिवस लसूणघासासारखा चारा थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावा. चंदीची घाई करू नये. अंगावर मांस चढण्यास काही महिने लागतात. खूर दीड-दोन महिन्यांनी साळावे लागतात. चारशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडा चारा आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. ज्या गावात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, तेथे हा आकडा उच्चारताना माणूस क्षणभर थांबतो. आणि घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, हेही त्याच हिशेबात धरावयाचे असते.

हा हिशेब एका घराला जड जातो, म्हणूनच तो वाटून घ्यावा लागतो. कोणाच्या शेतातला कडबा, कोणाची पडीक जागा, कोणाचा महिन्याला एक दिवस, नालबंदाची मजुरी कोणाकडे, औषधाचा खर्च कोणाकडे, हे ठरले म्हणजे गावाची पागा उभी राहते. नवा धनी शोधताना त्याची ऐपत पाहावी, जागा पाहावी, घोडा हाताळण्याची सवय पाहावी. आणि घोडा कळपात रमणारा प्राणी असल्यामुळे त्याला संगत मिळेल की नाही, तेही पाहावे. निदान एखादे गाढव किंवा शेळी सोबतीला असली तरी त्याचा एकांत सुसह्य होतो.

या वाटेवर इतरांनी खाल्लेली ठेच आपणांस उपयोगी पडेल. अमेरिकेच्या पश्चिम भागात रानोमाळ हिंडणारे घोडे आहेत, आणि 1971 च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले. संख्या वाढली की तेथील सरकार काही घोडे पकडून इच्छुक नागरिकांना सांभाळावयास देते. मात्र वर्षभर नीट सांभाळ केल्याशिवाय मालकीचा कागद मिळत नाही. ही शर्त शहाणपणाची होती. परंतु 2019 मध्ये, पागा भरून गेल्यामुळे, घोडा नेणाऱ्यास एक हजार डॉलर बक्षीस देण्याची योजना निघाली; आणि दोन वर्षांतच असे उघडकीस आले, की काही लोकांनी वर्ष कसेबसे ढकलले, मालकीचा कागद मिळवला, बक्षीस खिशात टाकले आणि घोडे अशा लिलावांत नेले, जेथून पुढची वाट कत्तलखान्याकडे जाते. एका वर्षाच्या शर्तीला बारा महिन्यांचे आयुष्य होते. त्यानंतर घोडा पुन्हा होता तेथेच.

दहिवंडीच्या शर्तीला मुदत नाही. तिच्यात बक्षीस नाही, दंड नाही, मुचलका नाही. आहे ती फक्त परतीची वाट. बैल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते, की पाऊस दगा देईल, कर्ज अंगावर येईल, बैल म्हातारा होईल, तेव्हा त्याला बाजार दाखवण्याची लाजिरवाणी पाळी येणार नाही. एक दार उघडे आहे, आणि त्या दारात त्याला कोणी जाब विचारणार नाही. जनावर टाकून देणारा माणूस प्रत्येक वेळी क्रूर असतो असे नाही. पुष्कळदा त्याला दुसरे दारच माहीत नसते.

बीडमध्ये किंवा अन्यत्र जे तरुण मोकाट घोड्यांसाठी काही करू इच्छितात, त्यांनी ही शर्त जशीच्या तशी उचलावी. घोडा देताना कागद करावा, छायाचित्रे ठेवावी, सहा महिन्यांनी जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून यावे. आणि आपल्या पागेत जागा कितीही अपुरी पडो, एक खुंटा नेहमी रिकामा ठेवावा. जागेची ददात असताना हे करणे अवघड जाईल. नवा घोडा दाराशी आला असताना तो खुंटा डोळ्यांत सलेल, आणि पाहणारे म्हणतील, यांच्याकडे जागा असून हे नाही म्हणतात. पण दूर कुठल्या वस्तीवर उभ्या असलेल्या, आज सुखात असलेल्या घोड्याचे उद्याचे नाव त्या खुंट्यावर लिहिलेले असते.